दगड दाबला तर परत येतो का?

गेल्या अंकात मी या सदरात एक वाक्य सहज लिहून गेले होते. जमिनीखाली ६६० किलोमीटरवर काय आहे ते खणून नव्हे, तर तळहातावर मावणाऱ्या यंत्रात खनिजाचा कण दाबून कळलं, असं ते वाक्य. त्यावर पत्रं आली, फोन आले, आणि इथे इंदूरला लोकमान्यनगरच्या बागेत सकाळी दोघांनी अडवलं. त्यातले एक म्हणाले, "कण दाबून कळलं म्हणजे काय हो ताई? लिंबू आहे का ते?" तेव्हा यावेळी सगळं सदर त्यावरच. पत्रांची भाषा थोडी सावरली आहे, नावं गाळली आहेत.

काकू, मी अकरावीत आहे. आमच्या पुस्तकात ‘प्रत्यास्थता’ आहे, आई म्हणते मराठीत त्याला स्थितिस्थापकता म्हणतात. सर म्हणाले की रबरापेक्षा पोलाद जास्त प्रत्यास्थ असतं. ते मी पाठ केलंय, पण पटलेलं नाही. आणि दगड तर दाबला की फुटतो. मग खनिजाची प्रत्यास्थता मोजतात म्हणजे नेमकं काय मोजतात?
— एक विद्यार्थिनी, राजेंद्रनगर

पाठ केलंय पण पटलेलं नाही, हे कबूल केलंस तिथेच निम्मा अभ्यास झाला. चाळीस वर्षं शिकवताना मला पाठ केलेलं सगळं पटलेली मुलंच जास्त भेटली.

तुझ्या आईचा शब्द नीट ऐक. स्थिती-स्थापक, म्हणजे मूळ स्थितीत पुन्हा नेऊन बसवणारा. किती ताणलं जातं याच्याशी त्या शब्दाचा काही संबंध नाही. परत येतं का, आणि परत यायला किती हट्ट करतं, एवढंच तो शब्द विचारतो. रबर लांब जातं म्हणून आपल्याला ते ‘इलॅस्टिक’ वाटतं. पण हट्ट पोलादाचा मोठा.

दगड परत येतो का, ते घरीच बघ. पाटा असेल तर उभा धरून त्यावर चमच्याने टिचकी मार. चांगला पाटा खणखणतो, तडकलेला बद्द वाजतो. आजी माठ घेताना बोटाने वाजवून घेते ते यासाठीच. खणखणणं म्हणजे दगडातले कण जागचे हलले, परत आले, पुन्हा हलले, सेकंदाला हजारो वेळा. दगड परत आला नसता तर वाजलाच नसता. फुटणं ही वेगळी गोष्ट. ती ताकदीची परीक्षा. ओरखडा न पडणं तिसरी, तो कठीणपणा. तीन सख्खी भावंडं आहेत, पण तिघांचे स्वभाव वेगळे.

आता हट्ट मोजायचा कसा? खनिजाला दोन तऱ्हांनी छळता येतं. एक, सगळीकडून सारखं दाबायचं, म्हणजे आकार तोच राहतो आणि आकारमान घटतं. दोन, आकारमान तेच ठेवून आकार वाकडा करायचा, पत्त्यांच्या जुडीला वरून बाजूला ढकलावं तसा. पहिल्याला होणारा विरोध म्हणजे बल्क मॉड्युलस, तुझ्या पुस्तकातला ‘आयतन प्रत्यास्थता गुणांक’. दुसऱ्याला होणारा विरोध म्हणजे शिअर मॉड्युलस, ‘अपरूपण गुणांक’. दोन्ही गिगापास्कलमध्ये मोजतात. एक गिगापास्कल म्हणजे साधारण दहा हजार वातावरणांचा दाब.

पाण्याचा बल्क मॉड्युलस सुमारे २.२ आहे. क्वार्ट्झचा ३७, पोलादाचा १६० च्या आसपास, हिऱ्याचा ४४०. ऑलिव्हिन नावाचं हिरवट खनिज आहे, पृथ्वीच्या प्रावरणाच्या, म्हणजे कवचाखालच्या जाड थराच्या, वरच्या भागात तेच सगळ्यात जास्त. त्याचा १२९. अर्थ असा की ऑलिव्हिनला १.२९ गिगापास्कल दाब दिलास तर ते जेमतेम एक टक्का आक्रसतं. गंमत म्हणजे रबराचा बल्क मॉड्युलसही पाण्याच्या जवळपासच असतो. म्हणजे सगळीकडून कोंडून दाबलं तर रबर काही फार आक्रसत नाही. ते लवचीक दिसतं ते त्याचा शिअर मॉड्युलस नगण्य आहे म्हणून. सरांना हे विचार, खूश होतील. किंवा चिडतील.

या दोन आकड्यांवरून लाटेचा वेग निघतो आणि इथेच भूगर्भशास्त्र येतं. कागद घे. बल्कमध्ये शिअरचे चार तृतीयांश मिळव, घनतेने भाग, वर्गमूळ काढ. ऑलिव्हिनचा बल्क १२९, शिअर ८१, घनता ३.२२. उत्तर ८.५८ आलं पाहिजे. हा सेकंदाला किलोमीटरमध्ये दाबलाटेचा वेग. नुसता शिअर घेऊन घनतेने भागून वर्गमूळ काढलंस की ५.०२ येईल, तो आडव्या लाटेचा, म्हणजे कणांना बाजूला हलवत पुढे जाते तिचा. द्रवाचा शिअर शून्य, म्हणून आडवी लाट द्रवातून जातच नाही. पृथ्वीचा बाह्य गाभा वितळलेला आहे हे त्यावरूनच कळतं. भूकंपमापकावर आपल्याला फक्त वेग मिळतात. त्या वेगाचा दगड कोणता, हे सांगायला आधी प्रयोगशाळेत दगडांची ओळखपरेड घ्यावी लागते, आणि तीही तिथल्याच दाबाखाली.

ताई, सराफ्यात आमचं तीन पिढ्यांचं जडावाचं काम आहे. हिरा सगळ्यात कठीण हे खरं, पण घाव नेमका बसला तर हिरा उभा चिरतो हे आमच्या घरात पोरालाही माहीत आहे. तुमचे शास्त्रज्ञ हिऱ्यावर हिरा ठेवून दाबतात म्हणे. फुटत नाही? आणि फुटला तर हिशेब कोण देतं?
— एक वाचक, सराफा

फुटतो. मी स्वतः फोडला आहे.

१९८७ सालची गोष्ट. परदेशातल्या एका प्रयोगशाळेत दीड वर्षं होते. हिऱ्याची ऐरण, तिथल्या भाषेत डायमंड ॲन्व्हिल सेल, दिसायला अगदी साधी असते. लोखंडी डबी, आपल्या हिंगाच्या डबीहून थोडी मोठी. आत दोन हिरे टोकाला टोक लावून बसवलेले. हिरे काही कोहिनूर नसतात, पाव ते तिहाई कॅरट. तुम्ही अंगठीत बसवता तसेच पैलू पाडलेले, फक्त खालचं टोक घासून सपाट केलेलं. ती सपाटी माझ्या डबीत ०.३ मिलिमीटर व्यासाची होती. हिशेब बघा. एवढ्याशा टोकावर एका माणसाचं वजन, सत्तरेक किलो, टाकलं तर दाब होतो सुमारे दहा गिगापास्कल. जमिनीखाली तीनशे किलोमीटरवर असतो तितका. चार स्क्रू आणि एक पाना, बस. म्हणून माझे तिथले मार्गदर्शक म्हणत, पाना हातात घेतला की श्वास सावकाश घ्यायचा.

दोन हिऱ्यांच्या मध्ये धातूचा पातळ पत्रा असतो, पोलादाचा किंवा ऱ्हेनियमचा. त्याला गॅस्केट म्हणतात. त्याला मधोमध केसाहून जरा मोठं भोक. त्या भोकात नमुन्याचा कण, दाब कळावा म्हणून माणकाचा एक कण, आणि बाकी जागेत द्रव. मेथॅनॉल चार भाग, इथॅनॉल एक भाग. हा द्रव कशाला? हिऱ्याची टोकं कणाला थेट टेकली तर दाब वरून-खालूनच बसेल. द्रवात बुडलेल्या कणाला तो सगळीकडून सारखा बसतो. दहाएक गिगापास्कलच्या पुढे हा द्रवही घट्ट काचेसारखा होतो, मग हेलियम किंवा निऑन वायू भरतात.

त्या दिवशी माझं भोक मधोमध पडलं नव्हतं. सूक्ष्मदर्शकात दिसत होतं, डावीकडे सरकलेलं. दिसत होतं आणि तरी मी पाना फिरवला, कारण संध्याकाळ झाली होती आणि भोक पुन्हा पाडायचं म्हणजे उद्याचा दिवस गेला. दाब वाढला तसं भोक एका बाजूला पसरलं, एका हिऱ्याची कड दुसऱ्याला टेकली. ‘टक्’ असा आवाज आला. फार मोठा नव्हे, सुपारी फुटते तेवढा. सराफ्यातल्या माणसाला सांगायला नको, चीर कुठून गेली असेल ते. हिशेब प्रयोगशाळेने दिला, पण मी पुढे आठवडाभर कॅन्टीनमध्ये खाली मान घालून जेवले.

एक गोष्ट तुम्हाला खास सांगते. ही डबी अमेरिकेत नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये १९५८ च्या सुमारास वायर, लिपिनकॉट, व्हॅन व्हाल्केनबर्ग आणि बंटिंग यांनी बनवली. सरकारी खात्याला हिरे परवडायचे कसे? तस्करांकडून जप्त केलेले हिरे त्यांना मिळाले. चोरीचा माल इतक्या चांगल्या कामाला क्वचितच लागत असेल. आणि हिराच का? तो चिरतो हे खरं, पण दाबाला त्याच्याइतका विरोध दुसरं काही करत नाही, आणि तो पारदर्शक आहे. साध्या उजेडालाही आणि बऱ्याच अंशी क्ष-किरणांनाही. दाबताना आत डोकावता येतं. पोलादी दट्ट्याने हे कुठलं व्हायला?

एवढ्याशा कणातून आवाज किती वेगाने जातो ते ऐकता कसं? तिथे कान लावायला जागा कुठे आहे?
— एक तबलावादक, जुनी इंदूर

दोन रीती आहेत. तुमच्या जवळची आधी सांगते.

कण जरा मोठा, दोनेक मिलिमीटरचा, घेता आला तर त्याला थाप मारतात. हा हिऱ्यांचा खेळ नव्हे. तिथे मोठी दाबयंत्रं लागतात, आठ ठोकळे सगळीकडून एका गोट्यावर बसवणारी. लिथियम नायोबेटचा स्फटिक थाप मारतो, सेकंदाला काही कोटी कंपनांची. ती थाप नमुन्याच्या दुसऱ्या टोकाला आपटून परत येते. जाऊन येऊन लागतो अर्धा मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाच्या वीस लाखाव्या भागाइतका वेळ. नमुन्याची लांबी क्ष-किरणांच्या फोटोवरून मोजायची, कारण दाबाने तीही बदलते. थाप जाऊन येते, म्हणून लांबीची दुप्पट भागिले वेळ.

हिऱ्यांमधल्या कणाला थाप मारता येत नाही. तिथे न मारताच ऐकायचं. कुठल्याही स्फटिकात उष्णतेमुळे बारीक बारीक ध्वनिलाटा सतत धावत असतात. मैफल सुरू होण्याआधी तंबोऱ्याच्या तारा हवेनेही किंचित झंकारतात ना, तसं समजा. हिरवा लेझर आत सोडला की प्रकाशाचा अगदी थोडा भाग या लाटांवरून उडतो, आणि लाट पळत असल्याने त्याची कंपनसंख्या जरा सरकते. किती? साधारण चाळीस हजारात एक. एवढा फरक पकडायला दोन आरशांमध्ये प्रकाश पुन्हा पुन्हा खेळवणारं फॅब्री-पेरो यंत्र लागतं. लिऑं ब्रिल्युआंने हे १९२२ मध्ये कागदावर मांडलं. हिऱ्यातला हा परिणाम आपल्या बंगळूरमध्ये आर. एस. कृष्णन यांनी १९४७ साली प्रसिद्ध केला, लेझर जन्माला यायच्या आधी, पाऱ्याच्या दिव्यावर. लेझरवाल्या पिढीतली मी, एका मापनाला कित्येक तास लागले की कुरकुरायचे. मग दिव्यावर काम करणाऱ्यांची आठवण काढायची आणि गप्प बसायचं.

आणि एकदा मापून भागत नाही. स्फटिक सगळ्या दिशांना सारखा नसतो. ऑलिव्हिनमध्ये दाबलाट एका दिशेने सुमारे ९.८ किलोमीटरने धावते, दुसऱ्या दिशेने ७.७ ने. त्याच्या स्थितिस्थापकतेला दोन नव्हे, नऊ स्वतंत्र आकडे लागतात. मिठासारख्या घनाकृती स्फटिकाला तीन पुरतात. म्हणून डबी थोडी थोडी फिरवत दरवेळी नव्याने वेग घ्यायचा. तबल्याच्या चाटीवर वेगळा बोल, मैदानावर वेगळा, शाईवर वेगळा. एका बोलावरून तबला ओळखता येत नाही, असं तुम्हीच म्हणाल.

मॅडम, मी निवृत्त अभियंता. आपण लिहिलंत की डबीतला दाब माणकाच्या कणावरून कळतो. मान्य. पण माणकाला दाब कोणी शिकवला? तुम्ही दाबाखाली स्थितिस्थापकता मोजता, आणि दाब मोजता तो दुसऱ्या एखाद्या पदार्थाच्या स्थितिस्थापकतेवरून. तागडीचं वजन तागडीनेच करण्याचा हा प्रकार नव्हे काय?
— एक वाचक, सुदामानगर

या पत्राची मी खरं तर तीस वर्षं वाट बघत होते. वर्गात एकाही विद्यार्थ्याने हा प्रश्न विचारला नाही, आणि मला वाटतं या विषयातला हाच खरा प्रश्न आहे.

आधी माणकाचं सांगते, म्हणजे बाकीच्यांना कळेल आपण कशावर भांडतोय. माणकावर हिरवा किंवा निळा लेझर टाकला की ते लाल चमकतं, ६९४.२ नॅनोमीटरवर. दाबाखाली या उजेडाची वर्णपटातली रेषा जास्त लालीकडे सरकते, दर गिगापास्कलला ०.३६५ नॅनोमीटर. १९७२ मध्ये त्याच अमेरिकन संस्थेतल्या मंडळींनी हे दाखवलं आणि दाब मोजणं पाच मिनिटांचं काम झालं. फक्त खोलीचं तापमान सांभाळायचं. खोली पाच अंशांनी तापली तर रेषा आपोआप सरकते आणि ०.१ गिगापास्कलचा भास होतो. इंदूरच्या मे महिन्यात वीज गेल्यावर हा प्रयोग करू नये, एवढं मी अनुभवाशिवायही सांगू शकते.

पण ०.३६५ हा आकडा आला कुठून? १९७५ मध्ये तो मिठावरून पक्का केला गेला. आपलं जेवणातलं मीठ, सोडियम क्लोराइड. डबीत माणिक आणि मीठ शेजारी ठेवले, क्ष-किरणांनी मिठाचा स्फटिक किती आक्रसला ते मोजलं, आणि तेवढं आक्रसायला किती दाब लागतो ते डेकर यांच्या गणितावरून घेतलं. म्हणजे माणकाला शिकवलं मिठाने, आणि मिठाला शिकवलं कागदाने. शिवाय तीस गिगापास्कलच्या आसपास मीठ आपली रचनाच बदलतं, तिथे ही शाळा सुटते. पुढे धातूंवर आघातलाटा सोडून मिळालेल्या आकड्यांवरून माणिक वरच्या वर्गात गेलं. तुमचा संशय त्यामुळे अगदी रास्त. १९७५ च्या माणसाला तुम्ही हे विचारलं असतंत तर तो म्हणाला असता, हो, थोडं तसंच आहे.

यातून सुटायची वाट मला फार सुंदर वाटते. बल्क मॉड्युलसची व्याख्या आठवा. घनता एक टक्का वाढवायला किती दाब वाढवावा लागतो, त्याच्या शंभरपट. आता समजा, एकाच कणावर, एकाच क्षणी, मी दोन गोष्टी मोजल्या. क्ष-किरणांनी घनता. आणि लेझरने दाबलाट व आडवी लाट, दोन्हींचे वेग. दाबलाटेच्या वेगाच्या वर्गातून आडव्या लाटेच्या वेगाच्या वर्गाचे चार तृतीयांश वजा केले आणि घनतेने गुणलं, की बल्क मॉड्युलस हातात. यात दाबाचा आकडा कुठेही आला नाही. मग घनता १ टक्का वाढली तर दाब किती वाढला ते त्या मॉड्युलसवरून कळतं. पुढच्या टक्क्याला मॉड्युलस नवा, कारण दाबलेला पदार्थ जास्त हट्टी होतो. अशा पायऱ्या चढत बेरीज करत गेलं की दाब निघतो, माणिक नको, मीठ नको, कोणाची साक्ष नको. तागडी स्वतःच्याच दांडीची लांबी मोजून स्वतःला तपासते म्हणा ना. २००० साली झा, माओ आणि हेमली यांनी मॅग्नेशियम ऑक्साइडवर हे ५५ गिगापास्कलपर्यंत करून दाखवलं.

एक बारीक खोच आहे, अभियंत्याला आवडेल. आवाजावरून निघणारा मॉड्युलस उष्णता बाहेर जायला वेळ न देता दाबलेल्या पदार्थाचा असतो, आणि सावकाश दाबून क्ष-किरणांनी काढलेला, तापमान कायम ठेवून दाबलेल्याचा. हवेतल्या आवाजाचा वेग काढताना न्यूटन याच जागी फसला होता आणि लाप्लासने ती चूक दुरुस्त केली, आपण सगळ्यांनी ते शाळेत घोकलं आहे. हवेत हा फरक चाळीस टक्क्यांचा. खनिजात साध्या तापमानाला एक-दीड टक्का. पण एक-दीड टक्क्यासाठीच तर सगळी धडपड आहे.

असल्या टक्क्यांनी खरंच काही बिघडतं का, असं तुम्ही विचाराल. बिघडलं होतं. ६६० किलोमीटरवर भूकंपलाटांचा वेग एकदम उडी मारतो. कारण तिथे रिंगवुडाइट नावाचं खनिज मोडून ब्रिजमनाइट आणि फेरोपेरिक्लेज होतं, असं मानलं जातं. तिथला दाब साडेतेवीस गिगापास्कलच्या जवळपास. १९९८ मध्ये जपानमध्ये हा बदल क्ष-किरणांखाली प्रत्यक्ष घडताना पाहिला गेला, आणि आकडा आला सुमारे २१. दोनेक गिगापास्कल कमी, म्हणजे खोलीच्या भाषेत पन्नासेक किलोमीटर वर! एकतर पृथ्वी चुकली होती, नाहीतर ते खनिज तिथलं नव्हतं, नाहीतर मापपट्टी खोटी होती. त्या प्रयोगात दाबाची पट्टी सोन्याची होती, म्हणजे सोनं किती आक्रसलं त्यावरून काढलेला दाब. पुढे सोन्याचे आकडे नव्याने तपासले गेले, मॅग्नेशियम ऑक्साइडची पट्टी लावून प्रयोग झाले, आणि तफावत बरीचशी भरून निघाली. सोन्यापेक्षा मॅग्नेशियम ऑक्साइड भरवशाचं ठरलं. सराफ्यातल्या वाचकांनी हे वाक्य मनावर घेऊ नये.

घनता मोजायला लागणारे तीव्र क्ष-किरण आपल्याकडे कुठे मिळतात, असंही तुम्ही पत्राच्या मागे पेन्सिलीने विचारलं आहे. घरापासून फार लांब जायला नको. राजा रामण्णा केंद्रात, ज्याला इंदूरकर अजून ‘कॅट’च म्हणतात, इंडस-२ हे सिंक्रोट्रॉन आहे. अडीच गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टचे इलेक्ट्रॉन गोल फिरवून त्यातून क्ष-किरण मिळवतात, आणि हिऱ्याच्या डबीतला पदार्थ तिथे तपासता येतो. मी परदेशात ज्या कामासाठी रांगेत उभी राहायचे, ते आता राजेंद्रनगरच्या पलीकडे होतं. माझं नशीब, माझा चष्मा तेवढ्यात जाड झाला.

२००१ च्या २६ जानेवारीला सकाळी मी झेंडावंदनाला निघण्यासाठी आवरत होते. आधी कपाटातले पेले किणकिणले. थोड्या वेळाने पंखा झोके घेऊ लागला. सासूबाई म्हणाल्या दोन भूकंप झाले. मी म्हणाले एकच. अजून वाद आहे. तुम्ही निकाल द्यावा.
— एक वाचक, तिलकनगर

निकाल तुमच्या बाजूने. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि मगच हे वाचून दाखवा.

भूज जवळचा तो धक्का सकाळी ८ वाजून ४६ मिनिटांचा. तिथून इंदूर सरळ रेषेत सुमारे ५७० किलोमीटर. दाबलाट आपल्याकडे सव्वा मिनिटात पोचली, तिने पेले किणकिणवले. आडवी लाट त्यानंतर जवळपास मिनिटाने, आणि जमिनीच्या पृष्ठभागावरून येणाऱ्या संथ, मोठ्या लाटा आणखी मागून. पंखा त्यांनी हलवला. भूकंप एक, पाहुणे तीन गाड्यांनी आले.

यात ऑलिव्हिन आहेच. या अंतरावर पहिली लाट वरच्या कवचातून रेंगाळत येत नाही. ती चाळीसेक किलोमीटर खाली प्रावरणात उतरते, तिथल्या वेगवान दगडातून धावते आणि वर येते. तो वेग सेकंदाला आठ किलोमीटरच्या घरातला. वर अकरावीतल्या मुलीला आपण ८.५८ काढून दिला, मग हा कमी का? खालचं ऑलिव्हिन शुद्ध नसतं, त्यात दहाएक टक्के लोह असतं, ते जड असतं पण तेवढं हट्टी नसतं. आणि खाली गरम असतं. दाब वेग वाढवतो, उष्णता घटवते. तिथे खाली या दोघांची रस्सीखेच सतत चालू असते. म्हणून नुसतं दाबून भागत नाही, दाबलेला कण तापवावाही लागतो. ते किती अवघड आहे यावर वेगळं सदर होईल, आज नको.

सोबत पाताळपाणीहून आणलेला दगड पाठवत आहे. हा किती खोलचा, आणि याची स्थितिस्थापकता किती, ते कळवावे.
— एक वाचक, महू

दगड मिळाला. दीड किलो भरला, पोस्टमनने ‘इसमें क्या है भिया’ म्हणून माझ्या नातवाला हटकलं.

हा बेसॉल्ट, आपल्या माळव्याचा काळा दगड. राजवाड्याचे खालचे मजले याच जातीच्या दगडाचे. सहासाडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. तो खोलचा नाही, खोलवर जे वितळलं त्याचा वर येऊन थिजलेला रस आहे. तुमच्या नमुन्यात पांढरे ठिपके आहेत, ते वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळीत नंतर भरलेलं खनिज.

स्थितिस्थापकतेचा एक आकडा मी देणार नाही. दगड म्हणजे खनिज नव्हे, मिश्रण आहे. यात पायरॉक्सीन हट्टी, फेल्डस्पार त्याहून मऊ. सगळी खनिजं सारखीच आक्रसतात असं धरलं तर उत्तर वरचं येतं, आणि सगळ्यांवर दाब सारखा धरला तर खालचं. पहिलं फॉइग्टचं, दुसरं रॉइसचं. खरा दगड या दोघांच्या मध्ये कुठेतरी. १९५२ मध्ये हिल यांनी सरळ दोघांची सरासरी सुचवली आणि अजून सगळे तीच वापरतात, आम्हीही निमूट वापरली. पण तीही भेगा नसलेल्या दगडाला. तुमच्या दगडात भेगा आहेत, पोकळ्या आहेत. टेबलावर मोजला तर वेग बराच कमी भरेल. दाबत गेलात की भेगा मिटतात, सुरुवातीला वेग भराभर चढतो, मग चढण मंदावते. हार्वर्डचे फ्रान्सिस बर्च यांनी १९६० मध्ये किती तरी खडकांवर हेच केलं, एक गिगापास्कलपर्यंत दाबून. भेगा मिटल्यावर जे उरतं ते खनिजांचं खरं बोलणं.

दगड परत हवा असल्यास येऊन न्यावा, पोस्टाने पाठवणार नाही. सध्या तो माझ्या गॅलरीचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून लावला आहे. वाजवून पाहिला, बद्द वाजतो.